बारा व्होल्टांचा भरवसा

(दृश्य: मालवणचा किनारा. ओढून वर घेतलेल्या बोटी, त्यांवर ताडपत्र्या. पाऊस.)

जून लागला की कोकणातल्या बोटी पाण्याबाहेर येतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. या दिवसांत जाळी विणली जातात, इंजिनं खोलली जातात, आणि बोटीवर काही नवं बसवायचं असेल तर तेही आत्ताच. एकदा हंगाम सुरू झाला की बोट हाताला लागत नाही.

समोरची ही 25 फुटी फायबरची बोट जाळ्याची नाही, गळाची आहे. पुण्या-मुंबईहून, बेळगावहून स्वतःचे रॉड आणि रीळ घेऊन येणारे हौशी लोक हिच्यावरून समुद्रात जातात. कुणाला सुरमई हवी असते, कुणाला खडकातली तांबोशी किंवा गोबरा. मालकाने यंदा मोठ्या पडद्याचा फिश फायंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, घेतलाय. तो अजून खोक्यात आहे, कारण कारागिराने आधी भलतंच काम काढलं आहे.

(दृश्य: सुकाणूसमोरची फळी उघडलेली. आत वायरींचा गुंता.)

ही जुनी वायर बघा. वरचं प्लास्टिक नवंकोरं दिसतंय. पण कटरने सोललं, तर आतली तांब्याची तार काळी-हिरवी, चिमटीत धरली तर भुगा होतोय. खारी हवा टोकातून आत शिरते आणि तारेच्या आतून पुढे सरकत राहते. आता मल्टीमीटर. बॅटरीच्या टोकांवर 12.6 व्होल्ट. वायरलेसचं बटण दाबून बोलायला लागलं, की वायरीच्या दुसऱ्या टोकाला 10.7. मधले जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच संपले. ऐकू सगळं येतं, कारण ऐकायला वीज फार लागत नाही. बोलायला लागते, आणि नेमकं तेव्हाच यंत्र मान टाकतं.

बहुतेक बोटींवर पैसा इथेच वाया जातो, असं आमचं स्पष्ट मत आहे. लाखाचं यंत्र आणि त्याला घरगुती वायर! या बोटीवर आता सगळीकडे कथलाचा मुलामा दिलेली जाड तार येतेय. प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली नळी तापवून बसवली जातेय, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. शिवाय यंत्रांना वेगळी बॅटरी. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन, स्टार्ट करताना बॅटरीचा दाब क्षणभर कोसळतो, आणि त्या क्षणात जीपीएस बंद पडून पुन्हा चालू होतो. खडकाजवळ नांगर उचलताना असं झालं तर काय, हे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारा.

(दृश्य: बोटीची मागची बाजू. कारागीर खडूने खूण करतोय.)

फिश फायंडरचा खरा जीव पडद्यात नसतो, तो या मुठीएवढ्या ट्रान्सड्यूसरमध्ये असतो. 1948 साली जपानमध्ये नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं यंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे. ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाज सोडतो आणि परत येणारा पडसाद ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. वीस वाव पाणी, म्हणजे साधारण 36 मीटर. तळाला जाऊन परत यायला सेकंदाचा विसावा भागसुद्धा लागत नाही.

पण ट्रान्सड्यूसरखालून बुडबुडे गेले की तो आंधळा होतो. हवा आवाज अडवते. म्हणून जागा निवडायलाच अर्धा दिवस गेलाय. या इंजिनाचा पंखा मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तेव्हा उजवी बाजू. पंख्यापासून दीड फूट लांब, बुडाच्या कंगोऱ्यांच्या रेषेत नाही, आणि बुडापेक्षा किंचित खाली. पाण्याखाली पाडलेलं प्रत्येक भोक मरीन सीलंटने भरून मगच स्क्रू.

(दृश्य: पावसाळा ओसरलेला. बोट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला. नवा पडदा चालू.)

पहिल्या चाचणीला तांडेल पडद्याकडे बघतो आणि लगेच बोट डावीकडे वळवायला निघतो. डावीकडे माशांचा ढग दिसतोय ना! कारागीर त्याला थांबवतो.

“काकानू, हो उजवीकडचो काठ बघा. आता बोटीखाली जा काय आसा, ता हंय दिसता. डावीकडचा सगळा होवन गेलेला.”

“मगे सुरमय खंय?”

काकांचा प्रश्न अगदी योग्य आहे. पडद्यावर ठळक उमटते ती मुख्यतः माशाच्या पोटातली हवेची पिशवी. घोळ माशाची जी पिशवी सोन्याच्या भावाने जाते, तीच. बांगड्याला ती असते, म्हणून बांगड्याचा थवा जाड, भरीव दिसतो. सुरमईला ती नसते. मोठी सुरमई बोटीखालून गेली तरी पडद्यावर एखादी फिकट रेघ येते, तीही यंत्राची संवेदनक्षमता वाढवली तर. मग गळ टाकायचा कुठे? बारक्या माशांचा थवा शोधायचा, आणि तो एका बाजूने फुटलाय का, दबून वर आलाय का, ते पाहायचं. थवा उगाच फुटत नाही, त्याच्या मागे कुणीतरी असतं. हे वाचन तांडेलाला पाण्यावरच्या पक्ष्यांवरून आधीपासून येतं. त्याला आता तेच खालून दिसतंय.

यंत्राच्या आवाजाची कंपनसंख्या जास्त लावली की बारकावे दिसतात, पण झोत अरुंद होतो. 20 अंशांचा झोत असेल, तर 36 मीटर खाली तळावरचं फक्त 13 मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. बाकी समुद्र पडद्याबाहेरच.

(दृश्य: जुनी वही. पेनाने लिहिलेले आकडे, पाण्याने फुगलेली पानं.)

ही वही मात्र पडद्यापेक्षा मोलाची. वर्षानुवर्षं सापडलेल्या खडपांचे, म्हणजे पाण्याखालच्या खडकांचे, अक्षांश-रेखांश हिच्यात आहेत. जुनं यंत्र काढण्याआधी त्यातल्या खुणाही हिच्यात उतरवल्या. नव्या यंत्रात भरताना एक सापळा असतो. 16 अंश 3.50 मिनिटं आणि 16 अंश 3 मिनिटं 50 सेकंद, कागदावर दोन्ही सारखेच वाटतात. प्रत्यक्षात त्यांत 600 मीटरहून अधिक फरक पडतो. मालवणच्या खडकाळ पाण्यात 600 मीटर म्हणजे गळाची जागा तर चुकलीच, बोटही खडकावर जाऊ शकते. म्हणून आधी यंत्राची मांडणी वहीशी जुळवली, नंतर एकेक खूण भरली.

(दृश्य: छतावर उभी अँटेना. वायरलेसचा लाल झाकणाचा भाग जवळून.)

पैसे कमी असतील तर आधी वायरलेस घ्या, फिश फायंडर पुढच्या वर्षी. हे आम्ही ठामपणे सांगतो. या वायरलेसच्या, म्हणजे व्हीएचएफच्या, लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे यंत्राच्या 25 वॉट ताकदीपेक्षा अँटेनाची उंची जास्त कामाची. 3 मीटर उंचीच्या अँटेनाचं तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या बोटीशी बोलणं साधारण 14 किलोमीटरपर्यंत होतं. किनाऱ्यावरचा उंच मनोरा असेल तर बरंच पुढे.

त्याच्याही पलीकडे जाणाऱ्यांना उपग्रह लागतो. 2017 च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला येऊन लागल्या, तेव्हा खोल समुद्रातल्या माणसाशी बोलता येणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रं, मासेमारी नौकांना द्यायची योजना 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमधून सुरू झाली, एक लाख नौकांसाठी. संदेश दोन्हीकडून जातो, हा त्यातला मोठा फायदा. पाहुण्यांनी परदेशातून आणलेलं उपग्रह यंत्र मात्र बोटीवर नको. परवानगीशिवाय ते बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि अडकतो बोटवालाही.

वायरलेसवर हे लाल झाकण. खाली संकटाचं बटण. झाकण उचलून काही सेकंद दाबून धरलं, की चॅनल 70 वरून बोटीचा क्रमांक आणि जीपीएसची जागा आपोआप जाते, बोलणं पुढे चॅनल 16 वर. पण यंत्रात बोटीचा नऊ आकडी क्रमांक भरलेला नसेल, तर बटण दाबून काहीच होत नाही. भारतातल्या बोटींचा हा क्रमांक 419 ने सुरू होतो. जीपीएसची वायर वायरलेसला जोडलेली नसेल, तर संदेश जातो पण जागा जात नाही. ही एक पातळ वायर जोडायची राहिलेल्या बोटी आम्हाला किनाऱ्यावर जागोजागी दिसल्या.

या बोटीवर ती जोडली आहे. वीज बंद ठेवून तांडेलाने दोन्ही खलाशांकडून झाकण उचलण्याचा सराव करून घेतलाय. शेजारी तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक रंगाने लिहिलाय. गिऱ्हाईक बोटीत चढलं की आधी लाइफ जॅकेट, मग हे बटण, आणि रॉड त्यानंतर, असा मालकाने नियमच केला आहे.