माहीमची खाडी आणि आवाबाईंची अट

श्रोतेहो, नमस्कार. वांद्रे स्टेशनाबाहेर रिक्षात बसून माहीमला जायचे आहे असे सांगितले, तर रिक्षावाला खाडीच्या अलीकडेच उतरावे लागेल म्हणतो, कारण मुंबई शहरात रिक्षांना परवानगी नाही. ही हद्द जुनी आहे. खाडीच्या एका बाजूला मुंबई बेट, दुसऱ्या बाजूला साष्टी बेट, आणि मध्ये मिठी नदीचे मुख. शाळेत आपण मुंबईची सात बेटे पाठ करतो, पण त्यांत साष्टीचे नाव नसते, आणि आज बहुसंख्य मुंबईकर मात्र साष्टीवर राहतात. हे मला फार खटकते.

या दोन बेटांना जोडणारा माहीमचा कॉजवे म्हणजे दलदलीत भराव घालून नेलेला रस्ता आणि भरती-ओहोटीचे पाणी वाहते राहावे म्हणून त्यात ठेवलेला पूल. तो होण्यापूर्वी शीवच्या बाजूने बांध होता खरा, परंतु माहीमच्या माणसाला समोर दिसणाऱ्या वांद्र्याला जायचे तर तो वळसा फार दूरचा पडे, म्हणून लोक होडीत बसत, आणि पावसाळ्यात त्या होड्या उलटून माणसे बुडत.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी आज आपल्यासमोर आलो आहे, ती ऐकावी. लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारकडे रस्ता मागितला आणि सरकारने खर्च करण्यास नकार दिला. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी प्रथम एक लाख रुपये दिले. चिखलातले काम ते, अंदाज चुकला, पैसा अपुरा पडला. आवाबाईंनी वरचे पन्नास हजारांहून अधिक रुपयेही दिले, म्हणजे एकूण रक्कम दीड लाखाच्या पुढे गेली. मात्र देताना त्यांनी एक अट घातली: या रस्त्यावर सरकारने कोणाकडूनही पथकर घेऊ नये. पुन्हा सांगतो, पथकर घेऊ नये. दान देणारे पुष्कळ असतात, परंतु टोपलीत मासळी घेऊन पलीकडे जाणाऱ्या कोळणीला नाक्यावर कमरेची पुरचुंडी सोडावी लागू नये, इतका पुढचा विचार आवाबाईंनी केला, असे मी मानतो. १८४५ मध्ये हा मार्ग खुला झाला, तो कोणालाही पैसे न मोजता.

माहीममधल्या रस्त्याला पुढे ‘लेडी जमशेटजी’ हे नाव मिळाले. त्यात पतीचे नाव आले आणि आवाबाई हे त्यांचे स्वतःचे नाव मात्र राहून गेले. आता तर आपण त्याला नुसता ‘एल. जे. रोड’ म्हणतो, आणि आद्याक्षरांनी माणसे पुसण्याची ही सवय मला मुळीच आवडत नाही. स्टेशनांच्या आणि चौकांच्या नावांचेही आपण हेच करतो.

२००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू याच परिसरातून समुद्रावर निघतो. त्यावर चढताना पथकर भरावा लागतो. आवाबाईंच्या रस्त्यावरून बस, हातगाडी आणि पायी चालणारा माणूस आजही तसेच जातात.