मद्राससाठी सोडलेला किल्ला

नमस्कार मंडळी! अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की आपल्याला बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आठवतो. पण ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींमध्ये त्याच्या कितीतरी आधीच बिनसायला लागलं होतं, आणि ते युद्धांमुळे. त्यातल्या एका युद्धाचा धागा थेट आपल्या चेन्नईपर्यंत येतो.

(पडद्यावर नकाशा: केप ब्रेटन बेट)

हे लुईबर्ग. आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा फ्रेंचांचा किल्ला. इथली फ्रेंच जहाजं न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ब्रिटिश वसाहतींच्या, मासेमारीला आणि व्यापाराला सुखाने जगू देत नव्हती. शेवटी १७४५ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर विल्यम शर्ली याने मोहीम काढली. सुमारे ४,००० माणसं निघाली. शेतकरी, कोळी, कारागीर. सेनापती विल्यम पेपरेल, तोही पेशाने व्यापारी! समुद्राकडून ब्रिटिश आरमाराने कोंडी केली, पण जमिनीवर लढले ते वसाहतींतले लोक. तोफांची चाकं दलदलीत रुतायला लागली. मग त्यांनी लाकडाच्या घसरगाड्या बनवल्या, तोफा त्यांवर चढवल्या आणि दोरखंड खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून स्वतः ओढल्या. सुमारे सात आठवड्यांत किल्ला पडला.

बॉस्टनमध्ये जल्लोष झाला. किल्ल्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. शरणागतीच्या अटींमुळे सैनिकांना लूट करायची बंदी, आणि आरमाराला मात्र पकडलेल्या फ्रेंच जहाजांचा घसघशीत वाटा. वर, ब्रिटिश फौज येईपर्यंत पहारा द्या म्हणून यांनाच हिवाळ्यात तिथे थांबवलं. लढाईत जितके गेले, त्याच्या कितीतरी पट माणसं त्या थंडीत रोगराईने मेली.

१७४७ च्या नोव्हेंबरात कमोडोर चार्ल्स नोल्सने बॉस्टनमध्ये आरमारासाठी माणसं जबरदस्तीने उचलली. शहर पेटलं. लोकांनी ब्रिटिश अधिकारी ओलीस धरले, आणि दंगल तीन दिवस चालली.

आणि मग आला १७४८ चा तह. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास घेतलं होतं. तहात इतरही अटी होत्या, पण ब्रिटनने लुईबर्ग फ्रान्सला परत दिलं आणि मद्रास परत मिळवलं. वसाहतींना कुणी विचारलंसुद्धा नाही. ब्रिटनने पुढे मॅसॅच्युसेट्सला मोहिमेचा खर्च भरून दिला, १,८३,००० पौंडांहून जास्त, हेही सांगायला हवं. पण ज्यांच्या घरची माणसं तिथे पुरली होती, त्यांचं त्याने काय समाधान होणार?

फ्रान्सशी झालेल्या पुढच्या युद्धात तेच दुखणं. ब्रिटिश कॅप्टन वसाहतींच्या कर्नललाही जुमानत नसे. १७५४ मध्ये हुद्दा कमी होतोय म्हणून एका तरुण अधिकाऱ्याने राजीनामा दिला. त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन.

१७६३ मध्ये ब्रिटन जिंकला, पण कर्ज १३ कोटी पौंडांच्या घरात गेलं. १७६५ मध्ये स्टॅम्प ॲक्ट आला, म्हणजे वसाहतींमधल्या छापील कागदांवर आणि कायदेशीर दस्तऐवजांवर कर. लंडनचं म्हणणं, तुमच्या रक्षणासाठी खर्च केला, आता थोडा भार उचला. मला हे म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नाही. पण मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी तो भार लुईबर्गला उचलला होता, आणि आपण कमावलेलं लंडन परस्पर देऊन टाकतं हेही तिथेच पाहिलं होतं.

१७७५ मध्ये बॉस्टनजवळ ब्रिटिश फौजेविरुद्ध बंकर हिलच्या लढाईची तटबंदी आखली रिचर्ड ग्रिडलीने. १७४५ मध्ये लुईबर्गला हाच माणूस तोफखान्यावर होता.