पॅरिसच्या पोटातला दगड

(दृश्य: सकाळचं ऊन, फिकट पिवळसर इमारतींची रांग)

या भिंतींना रंग दिलेला नाही. दगडच असा आहे. सकाळी सायीसारखा, ऊन उतरलं की मधासारखा.

साडेचार कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. शंख-शिंपल्यांचा थरावर थर बसला आणि त्याची चुनखडी झाली. भूवैज्ञानिक त्या काळाला 'ल्युटेशियन' म्हणतात. ल्युटेशिया हे पॅरिसचं रोमन काळातलं नाव. एखाद्या भिंतीशी नाक लावून पाहा, शंखांचे ठसे सापडतील.

(दृश्य: भुयार, विजेरीचा झोत)

दगड आणायला लांब जायची गरज नव्हती. घराखालचाच काढायचा आणि वर रचायचा! शतकानुशतकं हेच चाललं. शहर वर चढत गेलं आणि खाली सुमारे ३०० किलोमीटरची भुयारं झाली. १७७४ च्या डिसेंबरात एक रस्ताच खचला. त्याचं नाव रू दांफेर, म्हणजे नरकाचा रस्ता. नाव आधीपासूनचं होतं, बरं का. १७७७ मध्ये राजाने खाणींच्या तपासणीचं खातं काढलं, वास्तुविशारद शार्ल-आक्सेल गियोमो यांच्याकडे ते सोपवलं. त्यांनी भुयारात खांब आणि भिंती उभारून वरच्या पॅरिसला टेकू दिला. ते खातं आजही आहे.

(दृश्य: छिन्नी, हातोडी, पाथरवटाचे हात)

खाणीतून निघालेल्या दगडात ओल असते, तोवर छिन्नी सहज चालते. ओल सुकताना चुना पृष्ठभागावर येतो आणि वरचा थर टणक होतो. दगड खाणीत जसा आडवा निजलेला होता, तसाच पाथरवट तो भिंतीत बसवतो. उभा लावला, तर पापुद्रे सुटतात.

पायाखाली मात्र हा मऊ दगड टिकत नाही. फरशीसाठी फ्रान्समधल्याच बर्गंडी प्रांताकडे जावं लागतं. तिथल्या कोंब्लांशियँ गावची चुनखडी ज्युरासिक काळातली, घट्ट, संगमरवरासारखी चकाकणारी. पॅरिसच्या ऑपेरा गार्निये या नाट्यगृहातही ती आहे.

(दृश्य: फरशीवर पडलेली लिंबाची फोड)

पण ती आहे चुनखडीच. लिंबाचा रस सांडला, की तेवढी चकाकी गेली. आपली शहाबादीही याच जातीची. ॲसिडने धुतलेल्या मोरीतली फरशी निस्तेज, खरखरीत होते, ती त्यामुळेच.