हमिदियाच्या छताची भोकं

(दृश्य: दमास्कस. झाकलेला बाजार, भरदुपार.)

हमिदिया बाजारात भरदुपारीही अंधारल्यासारखं वाटतं. डोक्यावर पत्र्याचं कमानदार छत. कुठूनतरी लाकडी मुसळाचे ठोके ऐकू येतात. आईस्क्रीम कुटतायत, वरून पिस्ते पेरून देतील. आता मान वर करा. पत्र्याला बारीक बारीक भोकं आहेत आणि प्रत्येकातून उन्हाची एकेक तिरीप खाली उतरलीय. हा गंज नव्हे. 1925 साली फ्रेंच विमानांनी मशिनगन चालवल्या, त्याच्या या खुणा, असं इथे सांगतात.

विमानं इथवर आली कशी, हे कळायला सात वर्षं मागे जावं लागेल.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. घोडदळ, उंटस्वार.)

ऑक्टोबर 1918. चारशे वर्षांचा तुर्की अंमल संपला आणि मक्केच्या शरीफ हुसेनचा मुलगा फैजल दमास्कसमध्ये आला. त्या मोहिमेतल्या ब्रिटिश फौजेत पूना हॉर्सही होती. नाव पुण्याचं, स्वार मात्र बरेचसे राजपूत आणि राजस्थानातले कायमखानी मुसलमान.

तुर्कांविरुद्ध उठा, अरबांच्या स्वातंत्र्याला आमचा पाठिंबा, असं ब्रिटिशांनी हुसेनला पत्रांतून कळवलं होतं. शब्द असे बेतलेले, की पुढे अर्थावरून भांडत बसावं. आणि 1916 मध्ये फ्रान्सबरोबर गुपचूप बसून त्याच मुलखाचे वाटेही घालून ठेवले होते. क्रांतीनंतर रशियाच्या बोल्शेविकांनी ते कागद छापून टाकले, तेव्हा जगाला कळलं.

1919 च्या उन्हाळ्यात अमेरिकेचा एक आयोग लोकांना विचारत फिरला, तुम्हाला काय हवंय? 1,863 अर्ज आले. बहुतेकांचं मागणं एकच: सीरिया अखंड ठेवा. तो अहवाल छापून यायला 1922 उजाडलं. तोवर सगळं उरकलं होतं.

8 मार्च 1920 ला सीरियन काँग्रेसने स्वातंत्र्य जाहीर करून फैजलला राजा केलं. दीड महिन्यात इटलीतल्या सान रेमोच्या बैठकीत सीरिया फ्रान्सच्या पदरात पडला, इराक आणि पॅलेस्टाईन ब्रिटनच्या. या व्यवस्थेचं नाव मँडेट. म्हणजे पालकत्व, लेकरू सज्ञान होईपर्यंत सांभाळायचं म्हणे.

(दृश्य: तारेचे खांब. डोंगरातला रस्ता.)

14 जुलै. फ्रान्सचा राष्ट्रीय सण. बरोब्बर त्याच दिवशी फ्रेंच हाय कमिशनर जनरल गुरोने बैरुतहून निर्वाणीचा खलिता धाडला: मँडेट माना, सैन्य कमी करा, आमचं चलन घ्या, रेल्वे आमच्या ताब्यात द्या. फैजलने मान तुकवली, सैन्य मोडायलाही घेतलं. पण होकाराची तार वेळेत पोचली नाही, असं सांगत फ्रेंच फौजा पुढे सरकल्या. गुरोची समजूत घालायला फैजलने आपले शिक्षणमंत्री पाठवले. साती अल-हुस्री. हे नाव लक्षात ठेवा.

हुस्री रिकाम्या हाताने परतले. युद्धमंत्री युसूफ अल-अझ्मांना निकाल आधीच दिसत होता. पण राजधानीत शत्रू एकही गोळी न झेलता शिरला, असं इतिहासात लिहिलं जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. निघताना त्यांनी हुस्रींना विनवलं, माझ्या मुलीकडे लक्ष ठेवा. हुस्रींनीच पुढे हे लिहून ठेवलंय.

24 जुलै 1920, मायसलूनची खिंड. समोर रणगाडे, विमानं आणि फ्रान्सच्याच आफ्रिकी वसाहतींतून आणलेले शिपाई. इकडे उरलेसुरले सैनिक आणि शहरातून चालत आलेले स्वयंसेवक. दुपार कलायच्या आत सगळं संपलं. अझ्मा तिथेच पडले.

(दृश्य: शाळेचा वर्ग. फळा.)

फैजलला देशाबाहेर काढलं. वर्षभरात ब्रिटिशांनी त्याला इराकच्या गादीवर बसवलं आणि त्याच्या मागोमाग हुस्री बगदादला गेले, शाळा उभ्या करायला. मायसलूनला तोफांनी जे हरलं, ते खडूने परत मिळवायचं, असंच जणू. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ज्याची भाषा अरबी, तो अरब, मग तो कुठल्या का धर्माचा, कुठल्या का सुलतानाची प्रजा असेना. गंमत बघा, हुस्री स्वतः तुर्कीत वाढलेले. त्यांच्या अरबीला शेवटपर्यंत तुर्की वळण होतं.

या विचाराला धार होती, तशी ती आपल्याच माणसांनाही लागली. 1927 मध्ये मुहम्मद महदी अल-जवाहिरी या तरुण शिया शिक्षकाने इराणच्या निसर्गावर कविता केली, तर हुस्रींच्या खात्याने त्याला घरी बसवलं. तोच माणूस पुढे इराकचा सर्वांत मोठा कवी ठरला. कुर्दांची तर भाषाच वेगळी. त्यांनी या वर्गात कुठे बसायचं?

(दृश्य: काळ्या दगडाची घरं.)

इकडे दक्षिण सीरियात, ड्रूझ या छोट्या धर्मपंथाच्या डोंगराळ मुलखात, बंडाचं कारण पुस्तकातून आलं नव्हतं. 1922 मध्ये गुरोवरच्या हल्ल्यातला एक फरारी, अदहम खंजर, सुलतान अल-अत्रश या ड्रूझ पुढाऱ्याच्या दारी आसऱ्याला आला (सुलतान हे नुसतं नाव, पदवी नव्हे). तो शिया, घर ड्रूझाचं. सुलतान घरी नव्हता, तेवढ्यात फ्रेंचांनी पाहुण्याला पकडलं. या मुलखात पाहुण्याला हात लावणं म्हणजे घरधन्याच्या तोंडात मारणं. सुलतानने त्याला सोडवायला हल्ला केला. फ्रेंचांनी सुलतानचं घर जमीनदोस्त केलं, खंजरला मृत्युदंड दिला.

तीन वर्षांनी, जुलै 1925 मध्ये, बोलणी करायला म्हणून बोलावलेल्या ड्रूझ पुढाऱ्यांना फ्रेंचांनी अटक केली आणि वणवा पेटला. घोषणा अशी: धर्म देवाचा, देश सगळ्यांचा. हुस्री जे वर्गात शिकवत होते, तेच हे. फक्त सुलतानला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

18 ऑक्टोबरला बंडखोर दमास्कसमध्ये घुसले. तेव्हाचा फ्रेंच हाय कमिशनर, जनरल साराय, अझ्म वाड्यात असेल म्हणून तिथे चालून गेले. तो तिथे नव्हता. मग तोफा आणि विमानं दोन दिवस शहरावर आग ओकत राहिली. हजाराच्या वर माणसं मेली. पॅरिसमध्ये बोंब झाली, सारायला परत बोलावलं. बंड मात्र 1927 पर्यंत धुमसत राहिलं. शेवटचा फ्रेंच सैनिक गेला एप्रिल 1946 मध्ये.

(दृश्य: हमिदियाच्या बाजूची गल्ली. कापडाचे तागे.)

बाजारातून बाहेर पडून या बाजूला वळलात, की रस्ते एकदम सरळ, काटकोनी होतात. जुन्या दमास्कसला न शोभणारे. पूर्वी इथे सिदी अमूद नावाची, अंगणा-कारंज्यांच्या घरांची वस्ती होती. ती 1925 च्या तोफांच्या माऱ्यात जळाली आणि राखेवर नवी आखली. आता इथे कापडवाले बसतात. त्यांना पत्ता विचारा, ते वस्तीचं नाव सांगतील: अल-हरीका. अरबीत या शब्दाचा अर्थ, आग.