निशी-कासाईत घर मांडताना

(दृश्य: निशी-कासाई स्टेशन, सकाळची गर्दी. तोझाई लाइनची गाडी फलाटाला लागते.)

टोकियोच्या पूर्व टोकाला एदोगावा वॉर्ड आहे. इथे वॉर्ड म्हणजे स्वतःची पालिका असलेला शहराचा मोठा विभाग. त्यातल्या निशी-कासाईत किराणा दुकानात तूरडाळ मिळते, रस्त्यावर हिंदी, तमिळ आणि मधूनच मराठीही कानावर पडते. 2000 सालच्या आसपास वायटूकेच्या, म्हणजे 2000 साल लागताना संगणकातल्या तारखा चुकू नयेत याच्या, कामासाठी भारतातून इंजिनिअर आले. शहराच्या मध्यातल्या ओतेमाचीतली ऑफिसं तोझाई या मेट्रो लाइनने थेट गाठता यायची, म्हणून ते इथे राहिले. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले.

नव्याने येणाऱ्यासाठी कागदपत्रांचं काम तसं सरळ आहे. रेसिडेन्स कार्ड विमानतळावरच हातात पडतं. राहायचा पत्ता ठरला की 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन तो नोंदवायचा. घर बदललं की पुन्हा तेच. नोकरीतून आरोग्य विमा मिळत नसेल तर सरकारी विम्याचा अर्जही तिथेच भरून टाका. मग डॉक्टरच्या बिलातले साधारण 30 टक्केच आपल्याला भरावे लागतात. मुलांच्या उपचारांचा हा भार तर टोकियोचे 23 वॉर्ड बारावीच्या वयापर्यंत स्वतः उचलतात. त्याचा अर्ज विसरू नका.

(दृश्य: इमारतीखालची कचऱ्याची जागा. पिशव्यांवर जाळी.)

खरा अभ्यास कचऱ्याचा. जळणारा, न जळणारा, पुन्हा वापरात जाणारा, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि सगळं सकाळी आठच्या आत खाली पोचलं पाहिजे. पिशव्यांवरची जाळी कावळ्यांसाठी. ती नीट ओढली नाही तर अर्ध्या तासात शिळं अन्न रस्ताभर होतं.

(दृश्य: सिंकपाशी दोन हात. पाण्याची प्लास्टिकची बाटली.)

झाकण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली विसळायची, चेपायची. झाकण आणि लेबल वेगळ्या पिशवीत. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. जुन्या कागदात टिपून घ्यायचं, तो कागद जळणाऱ्या कचऱ्यात. खुर्ची, गादी, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या वरचं काहीही असेल तर आधी तारीख घ्यायची, मग दुकानातून 200 किंवा 300 येनची तिकिटं आणून वस्तूवर चिकटवायची. फ्रिज, टीव्ही, एसी, वॉशिंग मशीन वॉर्ड उचलतच नाही, त्यांची सोय वेगळी.

चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडतात. शेजारी तोंडाने काही बोलणार नाहीत, पण ती सगळ्यांनी पाहिलेली असते. भाषेचा क्लास लावण्याआधी हे वेळापत्रक फ्रिजवर लावा. ते इंग्रजीतही मिळतं.

पोलीस 110. आग आणि रुग्णवाहिका 119. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. मोठा भूकंप झाला की गॅसचा मीटर आपोआप बंद पडतो. तो पुन्हा सुरू करायला, गॅसचा वास येत नसेल तर गॅसवर चालणाऱ्या उपकरणांची सगळी बटणं बंद करा, मीटरवरचं बटण दाबा, तीन मिनिटं थांबा.

(दृश्य: आराकावा नदीचा बांध. पलीकडे घरांची छपरं.)

एक कागद मात्र ड्रॉवरमध्ये टाकू नका, तो म्हणजे पुराचा नकाशा. एदोगावाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. कारखान्यांसाठी वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी उपसलं, जमीन खचत गेली. एकीकडे आराकावा, दुसरीकडे एदोगावा नदी, समोर उपसागर. 2019 च्या मे महिन्यात वॉर्डने नवा नकाशा काढला आणि त्यावर ठळक लिहिलं, ‘इथे थांबून चालणार नाही.’ आपल्याच रहिवाशांना इतकं स्पष्ट सांगायला धाडस लागतं, आणि ते वॉर्डने दाखवलं. मोठा पूर आला तर जवळजवळ सगळा वॉर्ड पाण्याखाली जाईल आणि पाणी एक-दोन आठवडे, कदाचित त्याहून जास्त, ओसरणार नाही, असं तो नकाशा सांगतो.

त्याच ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आलं. वॉर्डातल्या सुमारे 4,30,000 लोकांना घर सोडायला सांगितलं गेलं. निवाऱ्यांत आले 35,000 च्या आसपास. त्या वेळी बांध टिकले.

वादळाची बातमी दोन-तीन दिवस आधी मिळते, तेवढ्यात वॉर्डाबाहेर निघायचं. त्यामुळे कुठे जायचं, हे आधीच ठरलेलं हवं. पश्चिमेला हाचिओजीकडे कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा. रेसिडेन्स कार्ड, रोजची औषधं आणि चार्जर एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा.