डब्यावरची खूण

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या वर्षी चैत्रात, आमच्या कोथरूडच्या घरी, गॅलरीतल्या तगरीच्या फांदीला मधमाश्यांनी पोळं केलं. तळहाताएवढंच होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, काढून टाका बाई, खाली मुलं खेळतात." मी फोन हातात घेतला आणि 'गॅलरीतलं पोळं कसं काढायचं' असं शोधलं. दोन-तीन लेख वाचले तेव्हा कळलं की ही फुलोरी माशी. एकच पोळं करते, उघड्यावर करते, छेडलं नाही तर सहसा कुणाच्या वाटेला जात नाही आणि आपण होऊन मुक्काम हलवते. मग आम्ही पोळं राहू दिलं. संध्याकाळी गॅलरीचं दार लावून घ्यायचं, एवढीच काळजी घेतली. पहिल्या पावसाच्या आधी माशा निघून गेल्या. फांदीला राहिलेला मेणाचा पापुद्रा मी अजून जपून ठेवलाय.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने माझा फोन मला मधमाश्या पाळायचं सामान दाखवत राहिला. बातमी वाचायला घेतली की मधे लाकडी मधपेटी. उकडीच्या मोदकांची कृती उघडली की जाळीची टोपी आणि धुराडं. एकदा तर हातानं फिरवायचं, मध काढायचं पत्र्याचं यंत्र आलं, चांगलं पिंपाएवढं! आणि गंमत अशी की पेटीत राहते ती सातेरी जातीची माशी. फुलोरी पेटीत राहतच नाही. पुण्यात मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून आहे, तिथला कुणीही माणूस हे एका वाक्यात सांगेल. पण जाहिरात पाठवणाऱ्या यंत्रणेला माझं वाक्य कळलंच नव्हतं. पोळं, मधमाशी, घर हे शब्द तिनं उचलले आणि 'काढायचं' हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाटेत सांडला.

दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. मला मात्र राहवेना. ते यंत्र माझ्याच फोनवर का यावं? मी ते विकत घेईन असं कुणाला वाटलं, आणि कशावरून? त्या कुतूहलापोटी मी जे वाचलं, समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आपल्याकडची पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. आमच्या डब्यावर गिरणीवाल्या काकांनी तांबड्या ऑइलपेंटनं १७ लिहिलंय. त्यांना माझं नाव ठाऊक नाही, पण सतरा नंबरचा डबा म्हटलं की जाड दळायचं की बारीक, हे विचारावं लागत नाही. इंटरनेटवर ज्याला कुकी म्हणतात, ती हीच खूण. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण अभियंत्यानं ती शोधून काढली. गिऱ्हाइकानं खरेदीच्या टोपलीत काय काय टाकलंय ते वेबसाइटच्या लक्षात राहावं, इतकाच साधा हेतू होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात, हॉटवायर्ड नावाच्या संकेतस्थळावर पट्टीच्या आकाराच्या पहिल्या जाहिराती झळकल्या. दोन्ही गोष्टींचं वय एकच आहे आणि पुढे त्यांची सोयरीक जमली.

ती अशी. समजा, गिरण्या निरनिराळ्या मालकांच्या आहेत, पण डब्यांवर आकडे टाकणारा रंगारी सगळीकडे एकच आहे. कोथरूडच्या गिरणीत तोच, नाना पेठेत तोच, हडपसरला तोच. आता माझा डबा कुठेही गेला तरी त्याला कळतं. आज गहू, परवा ज्वारी. आश्विनात चकलीची भाजणी आली, म्हणजे या घरी दिवाळीचा फराळ होतोय. आणि कधीही न येणारी नाचणी अचानक दर आठवड्याला यायला लागली, तर? घरात लहान बाळ आलं असेल किंवा कुणाला मधुमेह निघाला असेल. माझं नाव त्याला अजूनही माहीत नाही. पण नावाची गरजच कुठे राहिली?

हा रंगारी म्हणजे जाहिरातींचा व्यापार करणाऱ्या कंपन्या. बातम्यांची, पाककृतींची, रेल्वेच्या वेळापत्रकाची अशी हजारो पानं तुम्ही-आम्ही उघडतो, त्यातल्या बहुतेक पानांवर त्यांची माणसं बसलेली असतात असं समजा. गुगलनं आपल्या क्रोम ब्राउझरमधून असल्या परक्या कुकी काढून टाकू, असं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं. जुलै २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला. फोनवरच्या ॲपमध्ये कुकीऐवजी जाहिरात आयडी नावाचा एक लांबलचक आकडा असतो. काम तेच.

आणि मग लिलाव. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याची बोली ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच उमजेल. तुम्ही एखादं पान उघडता, त्यावर जाहिरातीची जागा रिकामी असते. पान उघडता उघडता ती जागा लिलावात निघते. सोबत तुमचं वर्णन जातं: पुणे शहर, अमुक बनावटीचा फोन, मराठी मजकूर, अमुक खुणेचं गिऱ्हाईक. ज्यांनी त्या खुणेवर आधीच टिपणं करून ठेवली आहेत ते बोली लावतात, बहुधा सर्वांत जास्त बोलीवाल्याला जागा मिळते आणि चित्र तुमच्यासमोर येतं. या सगळ्याला लागणारा वेळ साधारण सेकंदाचा दहावा भाग. बाजारात बोली लागते ती कांद्यावर. इथे बोली तुमच्या क्षणभराच्या नजरेवर लागते.

पुष्कळ जण मला म्हणतात, "अहो, फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो. आम्ही नुसतं महाबळेश्वरचं नाव काढलं आणि हॉटेलांच्या जाहिराती सुरू!" असं वाटणं स्वाभाविक आहे, मलाही वाटायचं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली याची रीतसर तपासणी केली. अँड्रॉइडवरची सतरा हजारांहून जास्त ॲप त्यांनी तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. पण आपण पडद्यावर काय करतो त्याचं चित्रीकरण करून परस्पर बाहेर पाठवणारं ॲप मात्र सापडलं.

मग महाबळेश्वर आलं कुठून? तुम्ही नाव काढलंत, पण तुमच्या मेव्हण्यानं आदल्या रात्री खोल्यांचे दर पाहिले असतील. तुमच्याच घरात बसून, तुमच्याच वायफायवर पाहिले असतील. घरातले सगळे फोन बाहेरून एकाच दारातून जाताना दिसतात. शिवाय मे महिन्यात अर्ध्या पुण्याला महाबळेश्वरच्या जाहिराती दिसतातच, फक्त विषय निघाला त्या दिवशी त्या आपल्या डोळ्यात भरतात. फोन ऐकत असता तर मला हे सोपं वाटलं असतं, कारण कुजबुजून बोलता येतं. आपल्या वागण्याची कुजबुज कशी करणार?

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगताना अजूनही मला थोडं जड जातं.

यंदा जानेवारीत माझ्या फोनवर श्रवणयंत्रांच्या जाहिराती यायला लागल्या. कानामागे लावायचं, कानात बसणारं, चार्जिंगवर चालणारं, हप्त्यांवर मिळणारं. मला नीट ऐकू येतं. आमच्या घरात कुणी असा विषयही काढला नव्हता. मी जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या खुणेवर बोट ठेवलं आणि 'ही जाहिरात का?' हा पर्याय उघडला. तिथून गुगलचं जाहिरातींचं पान उघडतं. आपल्याबद्दल त्यांनी काय काय ताडलंय, ते तिथे दिसतं. वयोगट, शिक्षण, लग्न झालंय का, घर स्वतःचं की भाड्याचं. आणि मला जाहिराती दाखवायच्या विषयांच्या यादीत श्रवणयंत्रं होती. म्हणजे माझ्याच खात्यावरून कुणीतरी ती शोधत होतं.

मग लक्षात आलं. माझा जुना फोन मी दिवाळीत वडिलांना दिला होता. त्यांना आम्ही नाना म्हणतो. फोन फडक्यानं पुसून दिला, नवीन कव्हर घातलं, पण आतलं खातं माझंच राहिलं होतं. नाना ऐंशीच्या पुढचे. रात्री सगळे झोपल्यावर ते यंत्रांच्या किमती बघत होते. सहा-सात महिन्यांपासून त्यांच्या खोलीतल्या रेडिओचा आवाज वाढला होता, तेव्हा मी दोनदा जाऊन म्हटलं होतं, "नाना, जरा हळू लावा ना." त्यावर ते काही बोलले नव्हते, मुकाट्यानं आवाज कमी केला होता.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, विचारलं. ते म्हणाले, "अगं, किमती बघत होतो नुसत्या. तुला सांगणारच होतो."

ते सांगणारच होते. आपल्या वेळेला, आपल्या शब्दांत. तो हक्क त्यांचा होता. एका वयस्कर माणसानं मनाशी ठेवलेली गोष्ट त्याच्या लेकीच्या आधी यंत्रं विकणाऱ्यांच्या लिलावात गेली आणि तिथून फिरून माझ्या हातात आली, हे मला आजही बरोबर वाटत नाही. मला कळलं ते चांगलंच झालं. पण ज्या वाटेनं कळलं ती वाट चांगली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल दिला. तो मी पूर्वी बातमी म्हणून वाचला होता. नानांच्या पलंगावर बसल्यावर त्याचा अर्थ मला कळला.

आणखी एक. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर जाहिराती वाजायला लागल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून. विविध भारतीवर मुंबई, नागपूर आणि पुणे इथे त्या पहिल्यांदा सुरू झाल्या. वाड्यात एका घरी रेडिओ लागला की जाहिरात सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जायची. एखादं तेल फसवं निघालं तर नळावर चार बायका ते एकमेकींना सांगायच्या. फोनवरची जाहिरात ज्याची त्याला, एकट्याला दिसते. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी ठेवींचे व्याजदर शोधले आणि पाठोपाठ त्यांना शेअरमध्ये महिन्यात दुप्पट करून देणाऱ्यांच्या जाहिराती दिसायला लागल्या. त्यांनी त्या बायकोलाही दाखवल्या नाहीत. पैसे गेले तेव्हा आम्हाला कळलं. ती जाहिरात आमच्यापैकी एकाच्याही फोनवर कधी आली नव्हती, मग सावध कोण करणार? म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, चमत्कारिक जाहिरात दिसली तर ती जेवताना घरच्यांना दाखवा. 'मला हे का आलं असेल?' असं मोठ्यानं विचारा.

कायदा आता झाला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांवर नेम धरून जाहिराती करायला मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतील. तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गुगलच्या खाली जाहिरातींचं पान असतं, तिथे जाहिरात आयडी हटवता येतो. म्हणजे डब्यावरचा आकडा खरवडून टाकायचा. आणि घरात कुणाला जुना फोन दिलात तर आधी त्यातलं आपलं खातं काढा आणि ज्याचं त्याला स्वतःचं उघडून द्या.

नानांना मी तसं दिलं. कानाची तपासणी झाली, उजव्या कानाला यंत्र बसलं. पहिल्या दिवशी ते गॅलरीत बराच वेळ उभे होते. मी विचारलं, काय ऐकताय? तर म्हणाले, "तगरीवर माशा आल्यात बघ परत."

नमस्कार.