फोटोवरून भोपळ्यात चेहरा

नमस्कार. ऑक्टोबरच्या उकाड्यात ठाण्यातली एवढी मंडळी एका लाल भोपळ्यासाठी जमली, याचा मला फार आनंद झालाय. टेबलावरचा भोपळा परवा वाशीच्या भाजी मार्केटमधून आणलाय. दिवे मालवले की त्यात माझी आई दिसेल. ती तिथे कशी आली, ते आधी सांगतो.

कोरून आत दिवा ठेवायची रीत आयर्लंड-स्कॉटलंडकडची. तिकडे ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या, रात्रीसाठी सलगम कोरत. तिथले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा मिळाला. मोठा आणि पोखरायला सोपा. पण ते झाले त्रिकोणी डोळे आणि दातेरी तोंड. ओळखीच्या माणसाचा चेहरा आणायचा, तर काम निराळं.

मी मुळात रांगोळीतून व्यक्तिचित्रं काढणारा. रांगोळीत हव्या तेवढ्या छटा चिमटीतून सोडता येतात. भोपळ्यात सुरुवातीला तीनच धरा. साल ठेवली की काळं. साल काढून गर थोडा तासला की उजेड त्यातून पाझरतो आणि केशरी दिसतो. आरपार कापलं की लख्ख पिवळं. म्हणून फोटोतले रंग काढायचे आणि मोबाइलवरच तो तीन छटांवर आणायचा. डोळे किलकिले करून बघा. माणूस ओळखू येत नसेल, तर तो फोटो सोडून द्या.

मी पहिल्यांदा आईचा पासपोर्ट फोटो घेतला होता. समोरून फ्लॅश पडलेला, चेहऱ्यावर सावली म्हणून नाही. तीन छटांवर आणला, तर उरले केस, दोन भुवया आणि कुंकू. बाकीचा सगळा चेहरा पांढरा, म्हणजे कापूनच टाकायचा! मग एक जुना फोटो सापडला. आई खिडकीशी बसून मेथी निवडतेय, उजेड एका बाजूने येतोय. अर्धा गाल अंधारात, नाकाची सावली ओठापर्यंत. त्यात नाकाची रेषा कुठेच नाही, तरी नाक उभं आहे. आज मला तुमच्यापर्यंत पोहोचवायचं आहे ते हेच. नाक, डोळे, ओठ कोरायला जाऊ नका. त्यांच्यावर जिथे उजेड पडलाय, तेवढंच काढा.

आता हाताचं काम. भोपळा बुडाकडून कापून पोखरायचा, म्हणजे देठ शाबूत राहतो. चेहरा येणार त्या जागी भिंत आतून खरवडून साधारण अडीच सेंटिमीटरवर आणायची. आपल्या भोपळ्याला धारा असतात, तेव्हा उथळ धारांचा निवडा. तीन छटांचा फोटो कागदावर छापून भोपळ्यावर लावायचा. गोलाईवर कागद सपाट बसत नाही. ब्लाउजला टक्स घेतात तशा कडेने चिरा द्यायच्या, कपाळाच्या वर आणि कानांच्या मागे, चेहऱ्यात कधीच नाही. मग छटांच्या सीमेवरून टाचणीने जवळजवळ भोकं पाडायची, कागद काढायचा आणि तांदळाची पिठी चोळायची. ठिपके उठून दिसतात. जरीकामाचे कारागीर नक्षी कापडावर अशीच उतरवतात.

कोरताना सुरुवात मधून, डोळ्यांपासून. आधी सगळं तासकाम उरकायचं, आरपार कापणं शेवटी. मोठी भोकं आधी पाडली तर भिंत कमजोर होते आणि हाताच्या दाबाने खचते. तासायला लिनोकटचं, म्हणजे लिनोलियम कोरून छाप काढतात त्या कामाचं, यू आकाराचं पातं उत्तम.

आणि हे विसरू नका, प्रत्येक काळा तुकडा कुठूनतरी भिंतीला धरून असायला हवा. मी बुबुळाभोवती सगळं आरपार कापलं आणि बुबुळ आत पडलं. टूथपिकने टाचून बसवलं, पण नजर गेली ती गेलीच. बुबुळाभोवती केशरी छटा ठेवायची, म्हणजे ते गरावर टिकून राहतं.

एका काकूंनी मघाशी विचारलं, आईचा चेहरा अशा नासणाऱ्या वस्तूत का कोरायचा? प्रश्न खरा आहे. आपल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. कडांना व्हॅसलीन लावलं, रात्री फ्रिजमध्ये ठेवलं, आत पणतीऐवजी एलईडी दिवा ठेवला, तर थोडा जास्त टिकतो. तरी कडा आत वळतातच, ओठ आक्रसतात.

काकू, अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, असं आमच्या घरी मानत. आई मला हाक मारायची; मी पहिला काप द्यायचो, पुढचं ती चिरायची. मेथीचा तो फोटो वर्षानुवर्षं कपाटावर होता आणि मी तो रोज बघत होतो. पण तिची डावी भुवई उजवीपेक्षा जराशी वर आहे, हे मला कोरताना कळलं. पात्याला तिथे थांबावं लागलं, म्हणून. त्यासाठी दोन दिवस मला पुष्कळ झाले.

काढलेल्या गराचे घारगे केलेत, बाहेर डब्यात आहेत, जाताना घ्या. आता दारापाशी जे उभे आहेत, त्यांनी दिवे मालवा. डावी भुवई बघा.